एका गावातले चार जॉन : इंग्लिश वंशावळीचा माग काढताना

इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या कुटुंबाची वंशावळ १८३७ पर्यंत मागे नेणं फारसं अवघड नाही. त्या वर्षीच्या १ जुलैपासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. लग्नाच्या दाखल्यावर नवरानवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा लिहिलेला असतो, त्यामुळे एका पिढीवरून मागच्या पिढीवर जाता येतं. १८३७ च्या मागे सरकार नाही, चर्च आहे. तिथे दहा हजारांहून जास्त पॅरिशा, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दी, आहेत, प्रत्येकीची आपली वही आहे, आणि प्रत्येक वहीत जॉन, विल्यम, टॉमस, मेरी, एलिझाबेथ यांची नुसती रेलचेल. आमचा निम्म्याहून अधिक वेळ तिथे नको असलेली माणसं खोडण्यात जातो. हवं ते नाव काय, दहा मिनिटांतही सापडतं. गावात त्याच नावाचे आणखी तिघे आहेत, हे कळायला महिना लागतो.

वहीपर्यंत पोचवणारा पूल म्हणजे जनगणना. १८५१ पासूनच्या जनगणनेत माणूस कुठल्या पॅरिशमध्ये जन्मला ते लिहिलंय. १८४१ च्या जनगणनेत हे मिळत नाही, तो राहतो त्याच काउंटीत जन्मला का, एवढंच हो-नाही. शिवाय त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती, म्हणजे ३४ वर्षांचा माणूस ३० चा होऊन बसतो. म्हणून ज्या पूर्वजाने १८५१ पाहिलं, त्याला धरून मागे जायचं. जन्मगाव म्हणून सांगितलेलं ठिकाणही तपासावं लागतं. लहान खेड्यातला माणूस दूर राहायला गेला की जवळच्या बाजारपेठेचं नाव सांगतो, जसा लंडनमध्ये राहणारा मावळातला माणूस ‘पुण्याचा’ होतो. पॅरिशच्या वहीत नाव मिळालं नाही तर त्या बाजारगावाभोवतीच्या पंधरा मैलांतल्या वह्या बघायच्या.

पॅरिशच्या वह्या ठेवायचा हुकूम टॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये काढला. सुरुवातीच्या बऱ्याच वह्या साध्या कागदाच्या होत्या, त्या सडल्या, हरवल्या. १५९८ मध्ये पुन्हा हुकूम निघाला : जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरून काढा, निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या तरी. त्यामुळे पुष्कळ गावांच्या वह्या नेमक्या १५५८ ला सुरू होतात आणि पहिली चाळीस वर्षं एकाच हातची दिसतात. स्ट्रॅटफर्डची वही अशीच आहे. शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची २६ एप्रिल १५६४ ची नोंद आपण पाहतो, ती मूळ नोंद नाही, छत्तीसएक वर्षांनी कुणी उतरलेली नक्कल आहे. तीत लॅटिन विभक्तीही चुकलीये. नक्कल करताना ओळ गळली, नाव बदललं, तर आज ते कळायला मार्ग नाही.

नवशिक्यांना आम्ही सरावासाठी याच शेक्सपिअर कुटुंबाचे कागद देतो. छायाचित्रं सहज मिळतात, वाचन झालेलं आहे, आणि या कामात जे जे अडतं ते जवळपास सगळं या एका घरात सापडतं.

पहिलं अडतं ते वर्ष. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं. स्ट्रॅटफर्डच्या वहीत हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्यांचा बाप्तिस्मा २ फेब्रुवारी १५८४ ला झालाय. आपल्या हिशेबाने ते १५८५. थोरली सुझाना २६ मे १५८३ ची. वहीतली वर्षं तशीच उतरली तर दोन बाळंतपणांत जेमतेम आठ महिने उरतात, आणि मग लोक नसत्या शंका काढतात. जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक तारीख १५८४/८५ अशी दुहेरी लिहायची. जालावरच्या सूच्यांत कुणी वर्ष बदलून लिहिलंय, कुणी नाही, म्हणून मूळ पानावरची मागची-पुढची नोंद बघितल्याशिवाय ठरवायचं नाही. १७५१ हे वर्ष २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरलाच संपलं, आणि १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ उजाडली.

दुसरं अडतं अक्षर. सोळाव्या-सतराव्या शतकातलं ‘सेक्रेटरी’ वळण मोडीसारखंच आहे : हात न उचलता लिहिलेलं, उभ्या दांड्यांची रांग, आणि लिहिणाऱ्यागणिक वेगळं. ते वाचायचीही मोडीचीच रीत. आधी त्याच पानावरची ठाऊक नावं, महिने, गावं शोधायची, त्यांतून त्या कारकुनाची वर्णमाला काढायची, आणि मग अडलेल्या शब्दाकडे यायचं. शब्दाच्या सुरुवातीला दोन एफ दिसले तर तो मोठा एफ. लांब एस हा एफसारखा दिसतो, त्यामुळे सूची करणाऱ्यांनी सकारी आडनावांचे फकारी करून ठेवलेत. लॅटिन वह्यांत जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस आणि जाइल्सचा एगिडिउस होतो. सूचीत नाव नाही म्हणजे वहीत नाही, असं कधीही धरू नका. निदान पन्नास वर्षांची पानं स्वतःच्या डोळ्यांनी उलटावी लागतात.

वहीत किती माहिती मिळेल हे काळावर ठरतं. जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुष्कळदा फक्त मूल आणि बाप, आईचा पत्ताच नाही. २५ मार्च १७५४ पासून लग्नाची नोंद छापील नमुन्यावर : सह्या, साक्षीदार, आणि बॅन्स की परवाना. बॅन्स म्हणजे तीन रविवार चर्चमध्ये वाचून दाखवलेली लग्नाची जाहिरात. साक्षीदार पाहून लगेच हुरळायचं नाही. तोच माणूस मागच्या-पुढच्या प्रत्येक लग्नाला साक्षीदार असेल तर तो चर्चचा कारकून, नातेवाईक नव्हे. १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफन यांनाही छापील नमुने आले. बाप्तिस्म्यात बापाचा धंदा आणि राहतं गाव, दफनात वय. वयावर फार विसंबू नये, कारण ते सांगणारा स्वतः मेलेला असतो! यॉर्कशरमधल्या कुणाचा पूर्वज निघाला तर त्याचं नशीब जोरावर. विल्यम डेड नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकात तिथे असा नमुना रूढ केला की काही गावांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत दोन्हीकडचे आजोबासुद्धा मिळतात. १८१३ च्या छापील नमुन्याने ती चैन संपवली.

काही वर्षं मुळातच भाकड आहेत. १६४२ नंतरच्या यादवीत आणि कॉमनवेल्थच्या, म्हणजे राजाशिवायच्या राज्याच्या, काळात, १६६० पर्यंत, कित्येक वह्या कोऱ्या. १६५३ च्या कायद्याने तर नोंदीचं काम पाद्र्यांकडून काढून घेतलं होतं, म्हणून त्या काळात काही ठिकाणी बाप्तिस्म्याऐवजी जन्माची तारीख दिसते. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, फक्त कंगालांना माफी. कर सुरू व्हायच्या आधी बाप्तिस्म्यांची झुंबड उडालेली दिसते, आणि कराच्या काळात पुष्कळ गरीब नसलेलेही गरीब म्हणून नोंदले गेले असावेत, असं पानं पाहून वाटतं. दफनाच्या नोंदीशेजारी सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘ॲफिडेव्हिट’ असं काही आढळलं तर ते मृताविषयी नाही. लोकरीचा धंदा चालावा म्हणून प्रेत लोकरीच्याच कापडात पुरायचा कायदा होता, नाहीतर पाच पौंड दंड, आणि कायदा पाळल्याचं हे प्रतिज्ञापत्र.

वहीत खड्डा असेल तर बिशपकडच्या नकला बघायच्या. १५९८ पासून प्रत्येक पॅरिशने वर्षभराच्या नोंदी सुट्या पानांवर उतरून बिशपकडे पाठवायच्या होत्या. वही शाबूत असली तरी आम्ही ही नक्कल पाहतोच, कारण दोन्हींत फरक निघतात : एकीत आईचं नाव, दुसरीत नाही, एकीत धंदा, दुसरीत मोकळी जागा. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथांचे लोक, म्हणजे बॅप्टिस्ट, क्वेकर वगैरे, या दोन्हींत सापडले नाहीत तर नवल नाही. त्यांच्या पुष्कळशा वह्या १८३७ नंतर सरकारने गोळा केल्या आणि त्या आता क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आता खोडाखोडीची रीत. पूर्वजाचं आडनाव घ्यायचं आणि त्या पॅरिशमधली, शेजारच्या पाच-सहा पॅरिशांमधलीही, त्या आडनावाची प्रत्येक नोंद शंभर वर्षांची उतरून काढायची. तक्त्यात तारीख वहीत आहे तशी, मग आपल्या हिशेबाने, नाव जसंच्या तसं, बाप, आई, धंदा, राहती वाडी आणि वहीचा संदर्भ क्रमांक. मग जोडप्यांगणिक कुटुंबं मांडायची. त्या काळच्या इंग्लंडात लग्नं उशिरा होत, बायकांचीही साधारण पंचविशीत, म्हणून लग्नाच्या मागे वीस ते पस्तीस वर्षांत बाप्तिस्मा शोधायचा. समजा चार जॉन मिळाले. एकाचं दफन दोन महिन्यांनीच झालंय : गेला. दुसऱ्याने शेजारच्या गावात दुसऱ्याच बाईशी लग्न केलंय आणि तिथे त्याची पोरं वाढताहेत : गेला. उरले दोन. इथे घाई केली की वंशावळ कायमची बिघडते, आणि जालावरच्या झाडांत ती चूक शेकडो लोक उतरून घेतात.

मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची पद्धत होती, ती लक्षात ठेवा. स्ट्रॅटफर्डच्या वहीत जॉन शेक्सपिअरची मुलगी जोन दोनदा येते, १५५८ मध्ये आणि १५६९ मध्ये. पहिलीच्या दफनाची नोंद मिळत नाही. दुसरीचा बाप्तिस्मा हाच तिच्या मृत्यूचा पुरावा.

उरलेल्या दोघांतून एक निवडायला वही पुरत नाही. तिथे मृत्युपत्र लागतं. पण मृत्युपत्र शोधायचं कुठे? १२ जानेवारी १८५८ पासून सगळं सरकारी आणि एका सूचीत, तो प्रश्नच नाही. त्याआधी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कायदेशीर मान्यता, चर्चची न्यायालयं द्यायची, आणि त्यांची उतरंड होती : खाली आर्चडीकनचं, वर बिशपचं, सगळ्यांत वर यॉर्क आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांचं. पाच पौंडांहून जास्त मालमत्ता दोन बिशपांच्या हद्दींत विखुरलेली असेल तर प्रकरण वर जायचं. समुद्रात किंवा परदेशात मेलेल्यांचं कँटरबरीला. मध्येच काही गावं या रचनेतून वगळलेली, त्यांचं न्यायालय वेगळंच. म्हणून खालून वर जायचं आणि कुठलीच पायरी गाळायची नाही. कँटरबरीची दहा लाखांहून जास्त मृत्युपत्रं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘प्रॉब ११’ या मालिकेत जालावर आहेत, म्हणून लोक तेवढीच बघून थांबतात. शेतकरी, लोहार, विणकर यांची बहुतेक मृत्युपत्रं मात्र काउंटीच्या दप्तरखान्यात पडून असतात. यॉर्कची बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. डेव्हनवाल्यांची पंचाईत आहे : १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरचं प्रोबेट दप्तर जळलं. १८१२ ते १८५७ च्या मृत्युपत्रांच्या प्रती मृत्युकराच्या कचेरीने ठेवल्या होत्या, त्या तेवढ्या वाचल्या.

फक्त आपल्या थेट पूर्वजाचं मृत्युपत्र शोधणारा फसतो. खरं घबाड अविवाहित आत्या, निपुत्रिक काका आणि विधवा यांच्या मृत्युपत्रांत. वाटून द्यायला स्वतःची पोरं नसली की माणूस सगळ्या भाच्या-पुतण्यांची नावं, त्यांच्या गावांसकट, ओळीने लिहितो. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, हे १८८२ च्या कायद्याने बदललं. म्हणून बायकांची जुनी मृत्युपत्रं बहुतेक विधवांची आणि अविवाहितांची.

वाचताना देवाच्या नावाचा सुरुवातीचा मजकूर सोडून थेट नावांकडे जायचं. प्रत्येक माणूस, त्याचं नातं, गाव आणि त्याला काय मिळालं, ते उतरायचं. मृत्युपत्राची तारीख आणि शेवटची प्रोबेटची तारीख या दोन्हींच्या मध्ये मृत्यू. प्रोबेटचा मजकूर १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये, पण साचेबंद आहे, दोन-चार वाचले की अंगवळणी पडतो. ‘प्रॉब ११’ मधली प्रत न्यायालयाच्या कारकुनाने उतरलेली असते. तिच्यावरची सही मयताची नाही, ती लग्नाच्या वहीतल्या सहीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्यासाठी मूळ कागद, ‘प्रॉब १०’ मधला, मागवावा लागतो.

नात्यांचे शब्द सैल वापरलेले असतात. शेक्सपिअरच्या १६१६ च्या मृत्युपत्रात एलिझाबेथ हॉल ही ‘नीस’ आहे, आणि ती त्याच्या सुझानाची मुलगी, म्हणजे सख्खी नात. ‘कझिन’ म्हणजे पुतण्याही असतो, ‘सन-इन-लॉ’ म्हणजे बायकोचा आधीचा मुलगाही. बहिणीच्या, म्हणजे जोनच्या, तीन मुलांना पाच-पाच पौंड ठेवलेत आणि मधल्याच्या नावाची जागा चक्क कोरी आहे. मामाला किंवा त्याच्या वकिलाला ते त्या घडीला आठवलं नसावं. नाव हवं तर पुन्हा पॅरिशच्या वहीकडे जायचं : टॉमस. थोरल्या मुलाचा उल्लेखच नाही किंवा त्याला एक शिलिंग, यावरून भांडणाची कथा रचायची नाही. जमीन त्याला आधीच मिळालेली असते किंवा वारसाहक्काने मिळणार असते.

वही आणि मृत्युपत्र एकत्र लावून काम कसं होतं ते याच घरच्या सुनेच्या, म्हणजे विल्यम शेक्सपिअरच्या बायकोच्या, बाबतीत बघा. लग्नाची नोंद स्ट्रॅटफर्डच्या वहीत नाही. वुस्टरच्या बिशपकडे २७ नोव्हेंबर १५८२ ला परवान्याची नोंद आहे, पण वधू ‘टेंपल ग्राफ्टनची ॲन व्हेटली’. दुसऱ्याच दिवशीच्या चाळीस पौंडांच्या हमीपत्रात मात्र ‘स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे’. त्या सुमारास त्याच न्यायालयात व्हेटली नावाच्या एका पाद्र्याचं प्रकरण चालू होतं, कारकुनाच्या लेखणीत तेच आडनाव उतरलं असावं. हमीपत्र जामीनदारांच्या समोर झालेलं, म्हणून ते वजनदार. आता ही ॲन कुणाची? शॉटरीच्या रिचर्ड हॅथवेने १५८१ मध्ये मृत्युपत्र केलं, त्यात ॲन नाहीच. ‘ॲग्नेस’ आहे, तिला लग्नाच्या दिवशी सहा पौंड तेरा शिलिंग चार पेन्स. ॲन आणि ॲग्नेस ही नावं त्या काळी एकमेकांच्या जागी चालत, पण तेवढ्यावर बाप ठरवता येत नाही. मग हमीपत्रातले जामीनदार बघायचे : फुल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन. रिचर्डच्या मृत्युपत्रात सँडेल्स देखरेखीला नेमलेला आहे आणि रिचर्डसन साक्षीदार आहे. तिसरा धागा त्यांच्या मेंढपाळाचा. त्या मृत्युपत्रात टॉमस व्हिटिंग्टन हा मेंढपाळ येतो, आणि १६०१ मध्ये तो स्वतःच्या मृत्युपत्रात लिहितो की माझे चाळीस शिलिंग विल्यम शेक्सपिअरची बायको ॲन हिच्याकडे आहेत, ते स्ट्रॅटफर्डच्या गरिबांना द्या. तीन कागद, तिन्हींतली माणसं एका घराभोवतीची.

तिचा बाप्तिस्मा शोधायच्या भरीला मात्र पडायचं नाही. थडग्यावर मृत्यू १६२३ आणि वय ६७, म्हणजे जन्म १५५६ च्या आसपास, आणि वही सुरू होते १५५८ ला.

मराठी वाचकांपैकी ज्यांचे इंग्लिश पूर्वज मुंबई इलाख्यात होते, त्यांना उलट्या टोकाने यावं लागतं. इथल्या चर्चांतल्या नोंदींच्या नकला लंडनला जात. मुंबईच्या नकला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत आणि कंपनीच्या माणसांची मृत्युपत्रं त्याच दप्तराच्या हिशेब शाखेत. अडचण अशी की मुंबईतल्या दफनाच्या नोंदीवरून माणूस इंग्लंडात कुठला ते सहसा कळत नाही. तो कंपनीच्या लष्करात अधिकारी म्हणून आला असेल तर कॅडेट म्हणून केलेला अर्ज बघायचा, त्याला बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो आणि त्यावर पॅरिशचं नाव. साधा शिपाई असेल तर भरतीच्या नोंदीत जन्मगाव मिळतं. ऐकून लिहिलेलं ते स्पेलिंग नकाशावर सापडत नसेल, तर काउंटीचं नाव धरून ते मोठ्याने वाचून बघा, गाव बहुधा कानाला लागतं.